पाणी ओसरलं, मीठ राहिलं: पुरात भिजलेलं वीज-पॅनेल पुन्हा सुरू करताना



कुवेतमध्ये वर्षभरात मिळून साधारण ११-१२ सेंटिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४ सेंटिमीटर पडला होता. म्हणजे मुंबईच्या त्या एका दिवसात इथली आठ वर्षं मावतात! त्यामुळे आमच्या इमारतीचं मेन पॅनेल बेसमेंटमध्ये आहे याची आम्हा भाडेकरूंना कधी काळजी वाटली नव्हती.

मग आला नोव्हेंबर २०१८. इथे असलेल्यांना तो महिना आठवत असेल. फहाहील-मंगफच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या, ९ तारखेला सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी राजीनामा दिला आणि १४ तारखेच्या रात्री विमानतळावरची उड्डाणं थांबवावी लागली. आमच्या बेसमेंटमध्येही गुडघाभर पाणी शिरलं आणि पॅनेलचा खालचा भाग त्यात बुडाला.

पाणी उपसल्यावर हारिसने दोन मोठे पंखे आणून पॅनेलसमोर लावले. दोन दिवसांत सगळं खडखडीत वाळलं. इलेक्ट्रिशियनने फडक्याने पुसलं, मेन चालू केला, दिवे लागले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

साधारण दोन आठवड्यांनी, दाट धुक्याच्या एका पहाटे, बेसमेंटमधून मोठा आवाज झाला आणि इमारत अंधारात गेली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. पॅनेल उघडलं तेव्हा तांब्याच्या दोन पट्ट्यांमधल्या लालसर आधारावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी उमटलेली होती, आणि एका पट्टीचा कोपरा वितळून गेला होता.

माझा रोजचा विषय धातूंचे पृष्ठभाग आणि त्यांवरचा गंज. ती काळी नक्षी पाहिल्यावर टाळ्या वाजवल्याची लाज वाटली. कारण ‘वाळलं म्हणजे झालं’ ही समजूत किती चुकीची आहे, हे मला तरी कळायला हवं होतं. आजचा लेख त्याबद्दल.

वीज पाण्यातून जाते, की पाण्यातल्या मिठातून?

अगदी शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक असतं. वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण. समुद्राचं पाणी हे ऊर्ध्वपातित पाण्यापेक्षा हजारो पटींनी चांगलं वाहक असतं. पुराचं पाणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. कुवेतच्या जमिनीत, विशेषतः किनाऱ्याजवळच्या खाऱ्या सपाटीत, भरपूर क्षार असतात. रस्त्यावरची धूळ आणि तुंबलेल्या गटारांचं पाणीही त्यात मिसळतं.

हे पाणी पॅनेलमध्ये शिरतं आणि मग वाळतं. वाळतं म्हणजे फक्त पाणी उडून जातं. क्षार मात्र जिथल्या तिथे बसून राहतात: पट्ट्यांवर, आधारांवर, ब्रेकरच्या आत, स्क्रूच्या आट्यांमध्ये. पंखा पाणी घालवतो, मीठ घालवत नाही.

मिठाच्या बरणीचं विज्ञान

‘पण मीठ कोरडं असेल तर वीज कशी वाहील?’ बरोबर आहे. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. फक्त ते कोरडं राहत नाही!

पावसाळ्यात कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे. हवेतली आर्द्रता एका विशिष्ट पातळीच्या वर गेली, की क्षार हवेतलं बाष्प ओढून घेतात आणि स्वतःच त्यात विरघळतात. शुद्ध सोडियम क्लोराईडसाठी ही पातळी सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. मॅग्नेशियम क्लोराईडसाठी ती फक्त ३३ टक्क्यांच्या आसपास. घरचं खडेमीठ बारीक मिठापेक्षा लवकर ओलसर होतं, ते त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात म्हणून. समुद्राच्या आणि खाऱ्या जमिनीच्या क्षारांमध्येही ते असतातच.

आता आमच्या बेसमेंटची ती पहाट डोळ्यांसमोर आणा. नोव्हेंबर संपत आलेला, एसी बंद, त्यामुळे पॅनेलमधून वाहणारा प्रवाह कमी. उन्हाळ्यात त्या प्रवाहाने पट्ट्या गरम राहतात, आता त्या थंड होत्या. बाहेर धुकं. थंड पृष्ठभागावर दंव जमलं आणि दोन आठवडे कोरडा दिसणारा क्षारांचा थर पुन्हा ओला झाला. पूर ओसरला होता, पण पॅनेलच्या दृष्टीने तो पहाटे पुन्हा आला.

काळी नक्षी कशी उमटते?

ओल्या थरातून सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह गळतो. समजा, तो १० मिलिअँपिअर आहे. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, म्हणजे साधारण ४ वॉट उष्णता. ही उष्णता थराला सगळीकडे सारखी वाळवत नाही. कुठेतरी एक बारीक कोरडी रेघ तयार होते. आता जवळजवळ सगळा दाब त्या रेघेवर एकवटतो आणि तिच्यावरून छोट्या ठिणग्या उडू लागतात. ठिणगीखालचं प्लास्टिक जळतं आणि त्याचा कार्बन होतो. कार्बन वीज वाहून नेतो आणि तो काही वाळत नाही. पुढच्या ओल्या पहाटे तो रस्ता आणखी थोडा लांबतो. याला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात. दोन टोकं जुळली की शॉर्ट सर्किट.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. २० अँपिअरच्या एमसीबीला १० मिलिअँपिअरची गळती कळत नाही, कारण ते त्याचं कामच नाही. आणि गळतीवर नजर ठेवणारा आरसीसीबी, ज्याला आपण अजूनही ईएलसीबी म्हणतो, तो फक्त जमिनीकडे जाणारी गळती ओळखतो. एका फेजकडून दुसऱ्या फेजकडे होणारी गळती त्याच्या हिशेबात येतच नाही. दोन्ही पहारेकरी जागे असूनही चोर आपलं काम करत राहतो.

गंमत म्हणजे, विद्युतरोधक पदार्थांची परीक्षा प्रयोगशाळेत जवळपास अशीच घेतात. पदार्थावर दोन इलेक्ट्रोड ठेवतात आणि ०.१ टक्का अमोनियम क्लोराईडच्या द्रावणाचे ५० थेंब, दर ३० सेकंदांना एक, असे त्यावर टाकतात. किती व्होल्टपर्यंत तो ट्रॅकिंगशिवाय टिकतो, यावरून त्याला गुण मिळतात. पुरात बुडालेल्या पॅनेलची ही परीक्षा रोज पहाटे होते, आणि तिथे थेंब मोजायला कोणी नसतं.

काय टाकायचं, काय वाचवायचं?

उत्पादकांच्या संघटनांचा यावरचा सल्ला स्पष्ट आहे, आणि त्यामागचं तत्त्व सोपं आहे: जे पूर्ण उघडून, धुऊन, तपासता येतं ते वाचवता येऊ शकतं. जे बंद आहे ते बदलायचं.

बदलायच्या वस्तू: एमसीबी, बंदिस्त खोक्यातले एमसीसीबी, आरसीसीबी, फ्यूज, स्विच, सॉकेट, सर्ज अरेस्टर, इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेली उपकरणं.

तज्ज्ञांकडून आणि उत्पादकाला विचारून वाचवता येऊ शकणाऱ्या वस्तू: पॅनेलचा सांगाडा, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या, उघडता येणारे मोठे पॉवर ब्रेकर, मोटारी. पट्ट्यांचे आधार तपासून ठरवायचे. काळी रेघ दिसली तर पुसायची नाही, आधारच बदलायचा.

एमसीबीबद्दल लोक सर्वांत जास्त वाद घालतात. ‘अहो, चालू-बंद होतोय की!’ होतोय, पण एमसीबीचं खरं काम चालू होणं हे नाहीच. संकटाच्या वेळी, सेकंदाच्या लहानशा अंशात बंद पडणं हे त्याचं काम. आत एक ताणलेली स्प्रिंग, एक नाजूक कुलपासारखी यंत्रणा, वाकणारी द्विधातू पट्टी आणि ठिणगी विझवणारा कप्पा असतो. त्यात चिखल आणि गंज बसला, की तो वीज सोडत राहतो, दिवे लागतात, पण वेळ आल्यावर तुटत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा! बिघडलेला दिवा आपला बिघाड सांगतो, बिघडलेला एमसीबी सांगत नाही. म्हणून तो वाळवून वापरायचा नाही.

पुन्हा सुरू करण्याचा क्रम

हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचं आहे, तुमचं-माझं नाही. पण क्रम माहीत असला तर तो पाळला जातोय का, ते आपण पाहू शकतो.

१. पुरवठा बाहेरून तोडणं. वीज खात्याकडून, पॅनेलच्या आधीच. ओल्या पॅनेलचा मेन हाताने पाडायला जायचं नाही, पाण्यात उभं राहून तर मुळीच नाही.

२. मागच्या दाराने येणारी वीज शोधणं. जनरेटर, यूपीएस, इन्व्हर्टर, छतावरचे सोलर पॅनेल. ऊन असेपर्यंत सोलरच्या तारा जिवंतच असतात.

३. कुलूप लावणं, वीज नसल्याची टेस्टरने खात्री करणं, अर्थिंग जोडणं.

४. धुणं. हो, पुन्हा पाण्याने! वाचवायचे भाग स्वच्छ, शक्यतो क्षारमुक्त पाण्याने धुवायचे, कारण क्षार पाण्यातच विरघळून निघतात. आमच्या पॅनेलच्या बाबतीत नेमकी हीच पायरी गाळली गेली होती. चिखल पूर्ण वाळण्याआधी धुतलं तर काम सोपं होतं.

५. वाळवणं. उत्पादक सांगेल त्या मर्यादेतल्या कोमट हवेने. ज्वाळा किंवा हॅलोजनचा झोत नको.

६. सांधे उघडून साफ करणं, गंजलेले बोल्ट बदलणं आणि ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळणं.

७. मेगर करणं. ४१५ व्होल्टच्या मंडलांसाठी ५०० व्होल्ट डीसी दाब देऊन रोध मोजतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो किमान १ मेगओहम हवा. फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सगळ्या जोड्यांमध्ये मोजायचा. त्याआधी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून ठेवायची, नाहीतर चाचणीच त्यांचा जीव घेईल.

८. टप्प्याटप्प्याने सुरू करणं. आधी रिकामं पॅनेल, मग एकेक शाखा. आरसीसीबी खऱ्या गळतीवर तुटतो का, हे उपकरणाने तपासूनच पुढे जायचं.

मेगरच्या आकड्यात एक फसवणूक दडलेली असते. दुपारी, कोरड्या हवेत मोजलं तर खारट पॅनेलही उत्तम आकडा दाखवतं. म्हणून आकड्याबरोबर तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवायला सांगा, आणि शक्य असेल तर दमट सकाळी पुन्हा मोजायला सांगा. दुपारी शेकडो मेगओहम आणि पहाटे दोन-तीन, असा फरक आला तर मीठ अजून आतच आहे.

सांगलीहून आलेला फोन

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पाणी उतरल्यावर काकांचा फोन आला: “अगं, चिखल काढला. मीटरबोर्ड उन्हात चार दिवस वाळलाय. मेन चालू करू का? फ्रीज आणि मोटार तेवढी सुरू होईल.”

“काका, हात लावू नका,” मी म्हटलं.

“इथे तुझ्या समुद्राचं पाणी नाही आलं, नदीचं गोड पाणी आहे.”

नदीचं पाणी गोड खरं, पण पुरात त्यात शेतातली खतं, गटारं आणि बारीक गाळ येतो. गाळ पाणी धरून ठेवतो आणि खतं म्हणजे क्षारच. काकांना मी बेसमेंटमधल्या काळ्या नक्षीचा फोटो पाठवला. त्यांनी आधी घरचा इन्व्हर्टर सोडवून ठेवला, महावितरणकडून पुरवठा बंद असल्याची खात्री केली, बोर्डमधले सगळे एमसीबी बदलून घेतले आणि वायरिंगचं मेगर करून घेतलं. घरात तीन दिवस जास्तीचा अंधार राहिला. काकूंनी माझ्या नावाने बोटं मोडली असणार! पण त्या घरात दोन लहान मुलं ओल्या फरशीवर अनवाणी फिरत होती, आणि मला तेवढंच दिसत होतं. ३० मिलिअँपिअर ही आरसीसीबी तुटण्याची नेहमीची मर्यादा आहे. कुवेतच्या २४० व्होल्टला तेवढा प्रवाह वाहायला ८,००० ओहमचा रस्ता पुरतो, आणि भिजलेला माणूस त्याहून कमी रोधाचा असू शकतो. अशा वेळी सगळा भरवसा त्या एका ब्रेकरवर असतो.

तुम्ही विचारायचे प्रश्न

आपल्यापैकी बहुतेक जण इथे भाड्याने राहतात. पॅनेल मालकाचं, निर्णयही त्याचा. पण विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. हारिसला, मालकाला, किंवा गावी भावाला फोनवर एवढं विचारा:

- पाणी पॅनेलमध्ये किती उंचीपर्यंत चढलं होतं? भिंतीवरची रेघ पुसण्याआधी फोटो काढला का?
- फक्त वाळवलं, की धुतलंही?
- बुडालेले ब्रेकर बदलले, की तेच आहेत?
- मेगरचे आकडे कुठे लिहिले आहेत? कोणत्या वेळी मोजले?
- महिन्याभराने पुन्हा उघडून पाहणार का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. आमचं पॅनेल पहिल्या दिवशी नाही, दोन आठवड्यांनी गेलं. पुरानंतर दिवे लागले की सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे जातं आणि मीठ आपलं काम सुरू करतं.

यंदाही नोव्हेंबरमध्ये ढग जमले, की एकदा आपल्या इमारतीचं पॅनेल कुठे आहे ते बघून या. बेसमेंटमध्ये असेल तर ते वर हलवता येईल का, हे पाऊस यायच्या आधीच विचारा.