देवाची वाट पाहणे

नेरुळ, नवी मुंबई

चि. भाचीस,


देवाची वाट पाहणे म्हणजे मागणे त्याच्यापुढे ठेवून त्याचे उत्तर, उत्तराची वेळ आणि उत्तराचे रूप ही तिन्ही त्याच्या हाती सोपवणे. मागणे सोपे असते. वेळ सोपवताना हात आखडतो. सिडकोच्या सोडतीत घर लागलेल्या माणसाला ताब्याची तारीख तरी विचारता येते, चौकशीला बेलापूरचे कार्यालय असते. प्रार्थनेला पोचपावती नाही. ऐरोली-महापेतल्या नोकरीचे पत्र असो, लग्न जुळणे असो की घरातले लांबलेले आजारपण असो, तारखेवाचून थांबावे लागते. ख्रिस्ती शिकवणीत धीराचा कस लागतो तो इथे.

घाईचे दोन दाखले बायबलमध्ये शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. अब्राहाम ७५ वर्षांचा असताना त्याला वंशाचे वचन मिळाले. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधल्या काळात सारेचा धीर सुटला आणि तिने आपली दासी हागार नवऱ्याला दिली. इश्माएल झाला, घरात कलह पेटला आणि शेवटी मायलेकरांना रानात हाकलून देण्यात आले. राजा शौलाची घाई रणांगणावरची. गिलगालात सात दिवस थांब, असे संदेष्ट्या शमुवेलाने त्याला सांगितले होते. पलिष्टी समोर जमलेले, त्याचे स्वतःचे लोक गुहांत आणि झुडपांत दडी मारू लागलेले, सातवा दिवस आला तरी शमुवेलाचा पत्ता नाही. शौलाने त्याच्याऐवजी स्वतःच होमबली अर्पण केला आणि तो उरकतो न उरकतो तोच शमुवेल येऊन उभा राहिला. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. सारेला वचन पुरे व्हायला हवे होते, शौलाला देवाची कृपा. देवाचे काम देवाच्या वतीने आपणच उरकावे, असे दोघांनाही वाटले, एवढेच. आणि घाईची किंमत नेहमी घाई करणाराच मोजतो असेही नाही. सारेच्या घाईची किंमत हागारेने मोजली.

धीर धरणे म्हणजे तोंड मिटून सोसणे, असा समज मंडळ्यांमध्ये रुजलेला दिसतो. स्तोत्रसंहितेला तो मान्य नाही. तेराव्या स्तोत्रात, हे किती काळ चालणार, असा सवाल पहिल्या दोनच वचनांत चार वेळा केलेला आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजर मेलेला होता. त्याची बहीण मार्था हिने येशूला उशिराबद्दल सरळ ऐकवले आणि योहानाने तिचे बोलणे शुभवर्तमानात राहू दिले. तक्रार देवापाशीच केली जात असेल, तर वाट पाहणे सुटलेले नसते.

हात बांधून बसणे हाही धीर नव्हे. स्वर्गारोहणानंतर शिष्यांना यरुशलेमेत थांबण्याची आज्ञा होती. पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत ते थांबणे दहा दिवसांचे ठरले, पण ते दहाच दिवसांचे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तेवढ्या अवधीत सुमारे १२० जणांनी प्रार्थना चालू ठेवली आणि यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची नेमणूकही करून टाकली.

महाराष्ट्रात या जातीच्या धीराचे उत्तम उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या स्त्रियांसाठीच्या आश्रमात, सापडते. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असे सोप्या मराठीतले बायबल असावे, ही रमाबाईंची तळमळ. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातल्याच मुली खिळे जुळवायच्या, मुद्रिते रमाबाईंकडे जायची, त्या तपासून परत पाठवायच्या. शेकडो जणींचे पोट, आजारपणे आणि भांडणे सांभाळत हे काम वर्षानुवर्षे चालले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते त्यानंतर.

माणसासाठी थांबणे याहून अवघड. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे स्वभावाने धीराचे पुतळे मुळीच नव्हते. त्यांचा तापटपणा आणि लहर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेच्या वाचकाला पानोपानी भेटते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले, पण संसार मोडला. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन. छप्पर एक, स्वयंपाक वेगळा. एकाच घरात नवरा ख्रिस्ती धर्माचा प्रचार करतो आणि बायको त्याच्या हातचे पाणी घेत नाही, हे त्या काळी शेजाऱ्यांना चघळायला पुरेसे होते. टिळकांनी बायकोला बाप्तिस्म्याकडे ओढले नाही. जातपात माणसाने उभी केली, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना त्यांचे त्यांनाच उमगले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाने ही पाच वर्षे काढली, हे त्यांच्या कवितेइतकेच मोलाचे मानायला हरकत नाही.

मागितलेले सगळेच मागणाऱ्याच्या हयातीत पदरात पडते असे नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय तर वचन लांबूनच पाहून मेलेल्यांचीच यादी देतो. टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' या महाकाव्याला हात घातला. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा जेमतेम दहा अध्याय झाले होते. उरलेल्यांपैकी चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना धड अक्षरओळखही नव्हती. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३८ मध्ये.

मंडळीच्या वर्षात या गुणाला राखीव काळ आहे: नाताळाआधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ. नवी मुंबईत तो बहुधा दुकानांतल्या चांदण्या आणि केकच्या ऑर्डरींत संपतो. नेमलेले वाचन रोज करणे, मनातले मागणे एका तरी वडीलधाऱ्याच्या कानावर घालणे आणि त्याच्यासोबत प्रार्थना करणे, एवढे या चार आठवड्यांत साधले तरी पुढच्या तारखेविनाच्या दिवसांची सवय होऊ लागते. एकट्याने वाट पाहणे लवकर कडवट होते. शिष्यही एकत्रच थांबले होते.

जिथे कर्तव्य उघड दिसते तिथे मात्र थांबण्याचा प्रश्नच नसतो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई खुणेची वाट पाहत बसल्या नाहीत. त्यांचे आईवडील आधीच्या दुष्काळात उपासमारीने गेलेले होते. त्या स्वतः निघाल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन परत आल्या. जी बायबलसाठी वर्षे घालवू शकली, तीच बाई इथे आठवडाही घालवायला तयार नव्हती. डॉक्टरने सांगितलेली तपासणी, मारहाण करणाऱ्या नवऱ्याविरुद्धची तक्रार, थकलेली फी, मागायची राहून गेलेली क्षमा, ही कामे देवाच्या वेळेसाठी राखून ठेवायची नसतात. देवाच्या वेळेवर सारे ठीक होईल, हे वाक्य पीडिताला गप्प करण्यासाठीही वापरले जाते, आणि तसे वापरणाऱ्याला शास्त्राचा आधार नाही. नोकरीच्या पत्राला उत्तर द्यायची मुदत असेल तर प्रार्थना करावी, घरच्यांशी बोलावे आणि मुदतीच्या आत हो किंवा नाही कळवावे. दुसरे पत्र येईल की नाही, एवढाच भाग देवाकडे ठेवायचा उरतो.

तुझा मामा