अंतर आणि वेळ

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव. ते गोदावरीच्या काठी वसले आहे. नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. छत्रपती संभाजीनगरहून बीडला जाणारी एस.टी. शहागडजवळ पुलावरून गोदावरी ओलांडते.

नकाशावर छत्रपती संभाजीनगर आणि बीड ही दोन शहरे सरळ रेषेने जोडा. ते अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते. रस्ता मात्र सुमारे १३० किलोमीटरांचा आहे. असे का? रस्ता वळणे घेत जातो आणि पूल असेल तेथेच नदी ओलांडतो. या प्रवासाला एस.टी.ला सुमारे तीन तास लागतात. अंतराला वेळेने भागले की सरासरी वेग मिळतो. येथे तो ताशी सुमारे ४३ किलोमीटर येतो.

आता पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे वळू. उत्तर ध्रुवाच्या बाजूला नॉर्वे देशाची स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तेथे लाँगयिअरब्येन हे छोटे शहर आणि नी-ऑलेसुंड ही लहानशी वस्ती आहे. २००८ साली भारताने नी-ऑलेसुंड येथे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू केले. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यातही तेथे जाऊ लागले. त्या दिवसांत तेथे सूर्य उगवतच नाही.

या दोन ठिकाणांमधील सरळ अंतरही सुमारे ११० किलोमीटरच आहे! पण त्यांना जोडणारा रस्ता नाही. मध्ये डोंगर, हिमनद्या आणि समुद्राच्या खाड्या आहेत. म्हणून शास्त्रज्ञ लहान विमानाने जातात. विमान सुमारे २५ मिनिटांत तेथे पोहोचते.

मग कोणता प्रवास सोपा? विमानाचा, असे तुम्ही म्हणाल. पण ते विमान रोज नसते. हवा बिघडली तर ते उडत नाही. मग वाट पाहण्यात दिवस जातात. नी-ऑलेसुंडला रुग्णालय नाही. ते लाँगयिअरब्येनला आहे. कोणी फार आजारी पडले, तर तेच ११० किलोमीटर किती लांब वाटत असतील! शहागडला मात्र एक एस.टी. चुकली, तर दुसरी मिळते.

म्हणून 'किती दूर?' एवढेच विचारून भागत नाही. 'वाट कशी आहे?' आणि 'वेळ किती लागेल?' हेही विचारावे लागते. गोदावरीवरचा पूल रोज दिसतो, म्हणून त्याचे मोल आपल्या लक्षात येत नाही. रस्ता आणि पूल दूरची गावे जवळ आणतात.

शब्दार्थ : अंतर – फासला, ओलांडणे – पार करणे, वस्ती – लोक राहतात ती जागा, हिमनदी – हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रचंड थर, मोल – किंमत.

स्वाध्याय
१. रस्त्याचे अंतर सरळ अंतरापेक्षा जास्त का असते?
२. ११० किलोमीटर अंतर २५ मिनिटांत कापणाऱ्या विमानाचा ताशी वेग काढा.
३. तुमच्या गावाहून जवळच्या रुग्णालयात जाण्यास किती वेळ लागतो? पाच वाक्ये लिहा.