शब्द आणि औषध

मुंबईत चिंचपोकळी येथे साथीच्या रोगांवर उपचार करणारे एक जुने रुग्णालय आहे. आज ते कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाते. पूर्वी त्यास आर्थर रोडचे रुग्णालय म्हणत. सन १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगची साथ ओळखली. लवकरच रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्यात येऊ लागले. ‘तेथे गेलेला परत येत नाही, डॉक्टरच त्याचा जीव घेतात,’ अशी वदंता पसरली आणि ऑक्टोबरात सुमारे एक हजार गिरणी कामगार या रुग्णालयावर चालून गेले. जेथे प्राण वाचवायचे, तेच स्थान लोकांना यमसदन वाटले! सक्तीचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. त्यामागील हेतू मात्र पोहोचला नव्हता.

वैद्यकास भाषेची जोड किती मोलाची असते, हे याच मुंबईत एक पिढी आधी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या जीवनात दिसून आले होते. भाऊंचा जन्म गोव्यातील मांद्रे गावचा. एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून ते तेथेच शिक्षक झाले. काठेवाड व कच्छ प्रांतांतील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध लिहून त्यांनी पारितोषिक मिळविले. संस्कृत ग्रंथ आणि प्राचीन लेख यांचा त्यांना मोठा व्यासंग होता. भाषा आणि लोकस्थिती यांचा अभ्यास करीतच ते वैद्यकाकडे वळले. सन १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते.

पूर्वीचा व्यासंग वाया गेला नाही. संस्कृत वैद्यक ग्रंथांत वर्णिलेली औषधे त्यांनी नव्या शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली आणि महारोगावर उपाय शोधला. बंधू नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांची सेवा केली.

त्या काळी देवीच्या रोगावर लस होती. परंतु ‘घरात देवी आल्या’ असे म्हणणाऱ्या माउलीला तो रोग नव्हे, तर देवतेचे आगमन वाटे. या शब्दामागील श्रद्धा ज्या वैद्यास कळली नाही, त्याची गुणकारी लसही उंबरठ्यावरूनच परत जाई.

भाऊ सन १८७४ मध्ये निवर्तले. पुढे त्यांच्याच महाविद्यालयात डॉ. हाफकीन यांनी प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. औषध प्रयोगशाळेत तयार होते. ते घेण्यास मन तयार होते ते मात्र विश्वासाने, आणि विश्वास आपल्या भाषेतूनच मनात उतरतो.

स्वाध्याय

१. कामगार रुग्णालयावर का चालून गेले?
२. भाऊंच्या भाषाभ्यासाचा वैद्यकात कसा उपयोग झाला?
३. साथीच्या काळात शेजाऱ्यांस सावध करणारे पत्र सोप्या मराठीत लिहा.