मुठीतील मैफल

गाणे एके काळी जागेला आणि वेळेला बांधलेले असे. ज्याला ते ऐकावयाचे, त्याला गायक असेल तेथे जावे लागे. देवळातील कीर्तन, वाड्यातील बैठक, नाटकगृहातील पदे, सारे त्या त्या ठिकाणीच ऐकावयाचे. मैफल संपली की सूर हवेत विरून जात आणि मागे केवळ आठवण उरे. आज मात्र आगपेटीएवढे यंत्र खिशात घालून नागपूरचा विद्यार्थी अंबाझरीच्या काठी हवे ते गाणे, हवे तेव्हा ऐकू शकतो. हा पालट कसा घडला आणि त्याबरोबर आपल्यावर कोणती जबाबदारी आली, ते या पाठात पाहू.

1877 साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि मनुष्याचा आवाज प्रथमच साठवून पुन्हा ऐकता आला. 1902 साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन तबकडीवर मुद्रित झाले. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. तासभर रंगणारा राग गायकाला एवढ्या अवधीत आटोपावा लागे! पुढे आकाशवाणी आली. 16 जुलै 1948 रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भातील घराघरांत गाणे पोहोचले. पण जे गाणे लागेल, तेच ऐकावे लागे. निवड श्रोत्याच्या हाती नव्हती.

1979 साली जपानमधील सोनी कंपनीने वॉकमन हे छोटे कॅसेट यंत्र विक्रीस आणले. चालता चालता आपल्या आवडीचे गाणे ऐकण्याची सोय त्यामुळे झाली. त्यात एक मौज होती. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटले, की एकट्यानेच कानाला लावून ऐकत बसणे इतरांना उद्धटपणाचे वाटेल. म्हणून त्या पहिल्या यंत्रास दोघांना मिळून ऐकता यावे अशी दोन छिद्रे ठेविली होती.

यानंतर अंकांचे युग आले. मुलांनो, ध्वनीचे अंक कसे होतात, हे एका उदाहरणाने समजून घ्या. मे महिन्यात नागपूरचा पारा कधी कधी 45 अंशांच्याही वर चढतो. दर तासाला तापमान पाहून वहीत लिहिले, तर त्या आकड्यांवरून दिवसभर ऊन कसे चढले आणि उतरले याचा आलेख काढता येतो. ध्वनीचेही तसेच आहे. ध्वनी म्हणजे हवेची कंपने. सीडी तयार करताना ही कंपने एका सेकंदात 44,100 वेळा मोजून त्यांचे आकडे लिहिले जातात. यंत्र ते आकडे वाचून पुन्हा कंपने निर्माण करते आणि आपल्याला गाणे ऐकू येते.

परंतु हे आकडे फारच होतात. चार मिनिटांच्या गाण्यास सुमारे 42 मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइंझ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनी यावर मोठी चतुर युक्ती योजिली. मिरवणुकीत ढोल घुमत असता शेजारच्या मुलीच्या बांगड्यांची किणकिण आपल्याला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाखाली असा जो बारीक आवाज झाकला जातो, तो लिहून ठेवण्यात जागा कशाला दवडावी? असे अंश गाळून तयार झालेली पद्धती म्हणजे एमपी-थ्री. तिच्यामुळे तेच गाणे सुमारे 4 मेगाबाइटमध्ये मावू लागले.

1998 साली दक्षिण कोरियात तयार झालेल्या एमपीमॅन या यंत्रात 32 मेगाबाइट जागा होती. म्हणजे अशी आठच गाणी मावत. 2001 साली अमेरिकेतील ॲपल कंपनीचा आयपॉड आला. त्यात हजार गाणी मावू लागली. पुढे हे काम भ्रमणध्वनीनेच उचलले आणि 2022 साली आयपॉडचे उत्पादन थांबले. तथापि केवळ गाण्यासाठीची छोटी यंत्रे आजही मिळतात. त्यांत ना फोनची घंटी वाजते, ना संदेश येऊन लक्ष विचलित होते. म्हणूनच मन लावून ऐकणाऱ्यास ती आवडतात.

या यंत्राचे उपकार थोर आहेत. पंडित वसंतराव देशपांडे यांनी बालपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी संगीताचे धडे घेतले. 1983 साली वसंतराव निवर्तले. पण त्यांचा स्वर निवर्तला नाही. गाणे शिकणारा मुलगा त्यांची एखादी तान दहा वेळा, वीस वेळा ऐकू शकतो. पूर्वी गुरूजवळ राहणाऱ्या शिष्यालाच जे भाग्य लाभे, त्याचा थोडा अंश आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

मात्र ज्या कानांनी हे भाग्य भोगावयाचे, ते कान नाजूक आहेत. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे 15,000 सूक्ष्म केशयुक्त पेशी असतात. सतत मोठ्या आवाजाने त्या नष्ट होतात, आणि एकदा नष्ट झालेल्या पेशी मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी 75 डेसिबलचा आवाज आठवड्यास फार तर 40 तास ऐकावा. प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाजास 40 तासांची मर्यादा आहे. तोच आवाज 90 डेसिबल झाला की ती 4 तासांवर येते. म्हणून यंत्राचा आवाज पूर्ण मर्यादेच्या 60 टक्क्यांहून वाढवू नये आणि मधून मधून कानांना विसावा द्यावा. सीताबर्डीसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर किंवा रेल्वेच्या फाटकापाशी कान मोकळेच ठेवावेत. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा गाण्यापेक्षा महत्त्वाचा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरात आजी बोलत असता कानात गाणे घालून बसणे शोभत नाही. मोरितांची ती दोन छिद्रे आज यंत्रांत क्वचितच दिसतात. पण आपल्या आवडीचे गाणे शेजारच्याला ऐकविण्यास छिद्रांची गरज नसते, मनाचा मोठेपणा पुरतो. मैफल मुठीत आली, तरी ती वाटून घेतल्यानेच वाढते.

स्वाध्याय

1. तबकडीच्या काळात गायकांपुढे कोणती अडचण होती?
2. तापमानाच्या नोंदींचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
3. ढोल आणि बांगड्या यांच्या दृष्टांतावरून एमपी-थ्रीची युक्ती स्वतःच्या शब्दांत सांगा.
4. ‘वसंतराव निवर्तले, पण त्यांचा स्वर निवर्तला नाही,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
5. तुमच्या घरातील वडील माणसे लहानपणी गाणी कशी ऐकत, ते त्यांना विचारून दहा ओळी लिहा.