क्लिअरन्सची नोकरी : सही करण्याआधी काय तपासाल?

तुम्ही अमेरिकी नागरिक आहात, वॉशिंग्टन-मेरीलँड-व्हर्जिनिया पट्ट्यात राहता आणि संरक्षण खात्याच्या कंत्राटावरची, सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी) लागणारी नोकरी चालून आली आहे. पगार चांगला दिसतो. पण अशा नोकरीतल्या कितीतरी अटी ऑफर लेटरमध्ये नसतात. त्या विचारून घ्याव्या लागतात.

क्लिअरन्सचा खर्च : तुमच्या खिशातून शून्य. क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. कंपनी किंवा सरकारी खातं तुमचं नाव पाठवतं, चौकशीचा खर्च सरकार करतं. ‘पैसे भरा, क्लिअरन्स काढून देतो’ असं कुणी म्हणालं, तर ती फसवणूक आहे.

कागदपत्रं : एसएफ-८६ हा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. गेल्या १० वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या, परदेश प्रवास, भारतातले जवळचे नातेवाईक, तिथली बँक खाती, फ्लॅट, सातबाऱ्यावर तुमचं नाव असलेली जमीन, सगळं लिहा. भारतात आई-वडील आहेत एवढ्यावरून कुणी आपोआप बाद होत नाही. माहिती मुद्दाम लपवणं मात्र गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वेळ : चौकशीला महिने लागतात, पॉलिग्राफ असेल तर आणखी. तुमची ऑफर ‘कंटिंजंट’ असेल, तर अट नेमकी कसली ते विचारा : क्लिअरन्स मिळण्याची, की कंपनीला कंत्राट मिळण्याची? रुजू होण्याची पक्की तारीख लेखी मिळेपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका.

कंत्राट : सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. एक ‘बेस इयर’ आणि पुढे चार ‘ऑप्शन इयर’, अशी रचना नेहमीची. आता कितवं वर्ष चालू आहे? फेरनिविदा कधी? कंत्राट गेलं तर कंपनी दुसरं काम देईपर्यंत पगार देते का, आणि किती आठवडे? शटडाऊनचंही विचारा. २०१८-१९ चा शटडाऊन ३५ दिवस चालला. २०१९ च्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळतो. कंत्राटी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना तशी हमी नाही.

छुपी वजावट : जॉइनिंग बोनस, घर हलवण्याचा खर्च किंवा प्रशिक्षणाची फी वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत मागितली जाते का? कंत्राटच संपलं तरीही? ४०१(के) मधला कंपनीचा वाटा पूर्णपणे तुमचा व्हायला ३ वर्षं, टप्प्याटप्प्याने असेल तर ६ वर्षांपर्यंत लागू शकतात. दोन नोकऱ्यांच्या मध्ये कोब्राचा (जुन्या नोकरीतलाच पुढे चालू ठेवलेला) आरोग्य विमा घेतलात, तर हप्ता पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो. सुट्ट्यांमध्ये आजारपणाची रजा धरली आहे की वेगळी, तेही पाहा.

जागा : गुप्त माहितीचं काम घरून होत नाही. मोबाइल आणि स्मार्टवॉच बाहेर ठेवावे लागतात. मुलांच्या शाळेला देता येईल असा डेस्कचा फोन नंबर मिळेल का, विचारा. आय-६६ वर बेल्टवेच्या आत गर्दीच्या वेळी टोल लागतो आणि वाहतुकीनुसार वाढतो. कामाच्या दिवशी सकाळी एकदा त्या रस्त्याने जाऊन पाहा आणि महिन्याचा खर्च पगारातून वजा करा.

भारतात जाणं : खासगी परदेश प्रवासाचीही आगाऊ माहिती कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला द्यावी लागते. तिकीट काढण्याआधी किती दिवस कळवायचं, आणि आई-वडिलांच्या आजारपणात तातडीने निघायचं झालं तर काय करायचं, हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या.

मुदत : क्लिअरन्स लागणारं काम सोडल्यावर साधारण २४ महिन्यांत तशाच कामावर परतलात, तर नवी पूर्ण चौकशी सहसा टळते. त्यापुढे पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. म्हणून क्लिअरन्स वापरात राहील असं काम जास्त मोलाचं.

दोन ऑफर हातात असतील आणि पगारात थोडाच फरक असेल, तर कंत्राटाची जास्त वर्षं शिल्लक असलेली ऑफर घ्या. तोंडी आश्वासनांवर विसंबू नका, प्रत्येक उत्तर ईमेलवर मागा. लेखी द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर सही करू नका.