एका मिनिटात किती शब्द? अरबी भाषिकांसाठी वेगळी मोजपट्टी

घड्याळ लावा आणि एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा. पुढच्या मिनिटात एखाद्या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा. विशेषनामं चालणार नाहीत. ही झाली शब्दओघ चाचणी. पहिल्या भागात अर्थाच्या साठ्याचा कस लागतो, दुसऱ्यात मेंदूच्या पुढच्या भागाकडून होणाऱ्या नियमबद्ध शोधाचा. अल्झायमरमध्ये बहुधा प्राण्यांची यादी जास्त आटते.

समजा, तुम्ही 14 प्राणी सांगितले. हे चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तुमच्या वयाची, तुमच्याइतकी शिकलेली, तुमचीच भाषा बोलणारी निरोगी माणसं किती सांगतात, हे माहीत हवं. तुलनेच्या या आकड्यांना 'प्रमाणकं' म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शाळेत कधीच न गेलेल्या, 70 वर्षांच्या अरबी भाषिक आजी 12 प्राणी सांगतात. शिकलेल्या इंग्रजी भाषिकांची सरासरी 18 आणि प्रमाण विचलन 4 धरलं, तर (12 − 18) ÷ 4 = −1.5. डॉक्टरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकणारच. पण आजींसारख्याच स्त्रियांची सरासरी 13 आणि विचलन 4 असेल, तर उत्तर येतं −0.25, म्हणजे अगदी सर्वसामान्य. आजी त्याच, शब्द तेवढेच. फक्त मोजपट्टी बदलली.

मग इंग्रजी चाचणीचं सरळ भाषांतर का करू नये? इंग्रजीत एफ, ए, एस ही अक्षरं रूढ आहेत. अरबीत 'स'सारख्या उच्चाराची सीन आणि साद अशी दोन वेगळी अक्षरं आहेत. आपल्या ओळखीचा 'कलम' शब्द अरबीत 'क़ाफ' अक्षराने लिहितात, पण कैरोच्या बोलीत तो 'अलम' होतो. तो कोणत्या अक्षराखाली मोजायचा? शिवाय निरक्षर व्यक्तीला अक्षराची कसोटी लावणंच गैर.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. क-त-ब पासून किताब (पुस्तक), कातिब (लिहिणारा), मकतब (कार्यालय). स्थळवाचक शब्दांना सुरुवातीला अनेकदा 'म' लागतो: मकतब, मदरसा, मस्जिद. त्यामुळे 'मीम' अक्षर दिलं, तर ही युक्ती सुचलेल्याची यादी भराभर वाढते. अक्षर निवडतानाच हा विचार करावा लागतो.

प्राण्यांतही पेच आहेत. 'जमल' म्हणजे उंट आणि 'नाक़ा' म्हणजे सांडणी. गुण एक की दोन? बगदादच्या बोलीत मांजर 'बज्जूना' असते. प्रमाण अरबी शब्द नाही म्हणून गुण कापायचे का? अरबी भाषिक घरात बोली बोलतात आणि प्रमाण अरबी शाळेत शिकतात. म्हणून बोलीतले शब्द ग्राह्य धरावेत आणि मोजणीचे नियम आधीच लिहून ठेवावेत.

त्यानंतर निरोगी लोकांची निवड. नुसते विद्यापीठातले तरुण घेऊन भागत नाही. प्रत्येक वयोगटातले, कमी शिकलेले आणि निरक्षर लोकही हवेत. सौदी अरेबिया आणि लेबनॉनमध्ये अशी प्रमाणकं तयार झाली आहेत, पण बैरूतचे आकडे सुदानच्या शेतकऱ्याला डोळे झाकून लावता येणार नाहीत.

आता मराठीचा विचार करा. 'क' अक्षर दिलं, तर 'कमळ'बरोबर 'किल्ला' चालेल का? परदेशात तुमच्या आईवडिलांची अशी चाचणी झाली, तर दोन प्रश्न जरूर विचारा: चाचणी कोणत्या भाषेत घेतली, आणि गुणांची तुलना कोणाशी केली?