एक पाइप की दोन?

प्रश्न : आमच्याकडे रस्ता खोदण्याआधी दोघे जण स्क्रीन लावलेली चाकांची गाडी ढकलत फिरत होते. स्क्रीनवर नुसत्या कमानी. ‘इथं लाइन आहे’ एवढं त्यांनी सांगितलं. एक की दोन, ते सांगता येईना. मोबाइलवर धूसर फोटो साफ होतो, मग हे का नाही?
— एक वाचक, निगडी

उत्तर : ती गाडी म्हणजे जीपीआर, जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणारं रडार. एक की दोन, हे ओळखता येणं लाइन कशा टाकल्यात त्यावर अवलंबून.

एकीखाली एक असतील तर सगळा खेळ बँडविड्थचा, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा किती रुंद त्याचा. ४०० मेगाहर्ट्‌झच्या अँटेनाची बँडविड्थ साधारण तेवढीच धरा. ओलसर मुरमात लहर नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर जाते असं समजा. वेगाला बँडविड्थच्या दुपटीनं भागलं की येतात साडेबारा सेंटिमीटर. त्याहून जवळच्या दोन पाइपांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. बँडविड्थ दुप्पट केली तर हे अंतर निम्मं होईल, पण आडवी येते आपली काळी माती. चिकण आणि त्यात ओल, म्हणजे विजेची चांगली वाहक. वरच्या फ्रिक्वेन्सी ती आधी गिळते. म्हणून माझं मत विचाराल तर असा सर्व्हे मे महिन्यात उरकावा. पावसाळ्यात जे गेलं, ते सॉफ्टवेअर परत आणत नाही.

जे परत आलं, त्यावर मात्र बरंच काम करता येतं. अँटेनाचा स्पंद एका टोल्यात संपत नाही, घंटेच्या नादासारखा रेंगाळतो. डीकॉन्व्होल्युशनमध्ये ते रेंगाळणं गणितानं काढून टाकतात. क्षीण झालेल्या फ्रिक्वेन्सी उचलतात आणि प्रतिध्वनी टोकदार होतो. अडचण अशी, की त्याच फ्रिक्वेन्सींत बसलेला गोंगाटही सोबत उचलला जातो. त्यासाठी आधी एकाच जागी १६ स्पंद घेऊन सरासरी काढली, तर विस्कळीत गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो. काही यंत्रं स्पंदच सोडत नाहीत. एकेक फ्रिक्वेन्सी पायरीपायरीनं सोडतात आणि शेवटी फूरिये गणितानं त्यांतून स्पंद रचतात.

लाइन शेजारीशेजारी असतील तर मायग्रेशन लागतं. अँटेना पाइपाच्या तिरक्या अंतरावरूनही त्याचा प्रतिध्वनी ऐकते, म्हणून एका ठिपक्याची कमान होते. कमानीच्या उतारावरून मातीतला वेग काढतात आणि तिची दोन्ही टोकं मूळ जागी गोळा करतात. वेग चुकला की कमान अर्धवट मिटते किंवा उलटी वाकते.

वरच्या फ्रिक्वेन्सी हरवण्याचं हे दुखणं दख्खनच्या बेसॉल्टखाली भूकंपलहरींनी बघणाऱ्यांचंही आहे. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बेसॉल्ट ३३८ मीटर निघाला. लाव्ह्याचे थरावर थर वरच्या फ्रिक्वेन्सी विखरून टाकतात, म्हणून तिथं बँडविड्थ खालच्या बाजूनं वाढवावी लागते.

राहिला मोबाइलचा फोटो. तिथं सॉफ्टवेअर उणीव अंदाजानं भरतं आणि गालावरचा तीळ इकडचा तिकडे झाला तरी बिघडत नाही. गॅसची लाइन अशी अंदाजानं काढली तर? त्या दोघांनी ‘सांगता येत नाही’ म्हटलं, हे मला तरी बरंच वाटलं. अशा ठिकाणी हातानं ट्रायल पिट घेतात, जेसीबी त्यानंतर.